स्टिंगर गळाची स्पे फ्लाय: आधी लूप, मग पिसं

फ्लाय (पिसं आणि दोऱ्यानं बांधलेलं मासेमारीचं आमिष) दिसायला झकास, पण चार-सहा कास्टनंतर, म्हणजे फेकींनंतर, बघावं तर गळ अंगाला गुंडाळलेला. किंवा मासा शेपटाशी चावून जातो आणि हाताला नुसता झटका बसतो. किंवा मासा लागतो खरा, पण गळ जबड्यात न रुतता कल्ल्याजवळ किंवा डोळ्याखाली. स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या रेनबो ट्राउटसाठी) स्वतः फ्लाय बांधणाऱ्यांच्या या तीन नेहमीच्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: गळ अडकवायच्या मागच्या लूपची (दुमडलेल्या लाइनच्या फाशाची) लांबी, त्याचा ताठपणा आणि तो शँकवर (फ्लायचा कणा असलेल्या धातूच्या दांडीवर) ज्या पद्धतीनं बसवला आहे ती पद्धत. बांधणारा सगळा जीव पिसांत ओततो आणि गळ शेवटी कसाबसा अडकवतो. इथे क्रम उलटा ठेवला आहे. गळ कुठे येणार हे आधी ठरवायचं आणि मग त्याच्या मापानं पिसं लावायची.

उदाहरण म्हणून हिवाळी स्टीलहेडची काळी-निळी स्पे फ्लाय, म्हणजे लांब, हलत्या पिसांची फ्लाय, घेऊ. शँक ४० मि.मी., पुढच्या कडीपासून शेपटापर्यंतची एकूण लांबी ८५ मि.मी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ‘स्कॅजिट’, ‘सॉक’, ‘हो’ अशा नद्यांच्या थंड, किंचित गढूळ पाण्यात हे माप चालतं. चिनूक सॅमनसाठी हीच रचना ठेवा, रंग फक्त पोपटी-निळा किंवा गुलाबी करा. उन्हाळ्यात ओरेगनच्या डेशूट्स नदीसारख्या निवळ पाण्यात मात्र शँक २०-२५ मि.मी. आणि पिसं निम्मी.

लूपवरचाच गळ, म्हणजे स्टिंगर, का?

लांब दांड्याच्या एकसंध गळावर मोठी फ्लाय बांधली की तो दांडा तरफेचं काम करतो. मासा डोकं झटकतो आणि त्याच तरफेच्या जोरावर गळ ढिला होतो. आखूड दांड्याचा गळ लूपवर मोकळा लोंबत असेल तर माशाला जोर लावायला काही मिळत नाही. शिवाय गळ बोथट झाला की फक्त गळ बदलता येतो, तासभर बसून बांधलेली फ्लाय फेकावी लागत नाही.

सामान आणायच्या आधी: नियम

हे वाचायचा कंटाळा करू नका. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सगळ्या नद्या-ओढ्यांत एकच गळ, तोही उलट्या काट्याशिवाय, असा नियम आहे. वॉशिंग्टनमध्ये आणि ओरेगनमध्ये नदीनुसार, हंगामानुसार नियम बदलतात आणि ऐन हंगामात तातडीच्या सूचना निघून नदी बंदही होते. ओरेगनच्या नॉर्थ उम्क्वा नदीवरच्या फक्त-फ्लायच्या पट्ट्यात तर उन्हाळ्याच्या काही महिन्यांसाठी वजन न लावलेली फ्लायच वापरायची अट असते. म्हणजे खाली सांगितलेले डंबेल डोळे (डोळ्यांसारखं दिसणारं धातूचं वजन) तिथे चालणार नाहीत. जाण्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या मत्स्यविभागाचं संकेतस्थळ बघा.

पिसांचेही कायदे आहेत. जुन्या स्पे फ्लायना बगळ्याच्या जातीतल्या हेरॉनची पिसं लावत. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे नदीकाठी गळून पडलेलं हेरॉनचं पीससुद्धा उचलून घरी नेता येत नाही. त्याऐवजी ब्लू इअर्ड फेझंट किंवा लांब तंतूंचं श्लॅपन (कोंबड्याचं मऊ पीस) वापरतात. सॅमन फ्लायच्या गालाशी जे ठिपकेदार, मेणचट चकाकीचं ‘जंगल कॉक’ पीस लावतात, ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला आजोळ असलेल्यांना ते सुट्टीतून घेऊन यायचा मोह होईल. आणू नका. तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहे. दुकानात मिळतात ती बंदिस्त पाळलेल्या पक्ष्यांची. ती महाग असतात आणि या फ्लायला त्यांच्यावाचून काही अडत नाही.

१. सामान आणि त्याची निवड

- शँक: ४० मि.मी., दोन्ही टोकांना कडी असलेली, न गंजणारी.
- लूपसाठी: ३० पौंडी फायरलाइन (या नावानं मिळणारी मासेमारीची लाइन) किंवा तशीच ताठ ब्रेडेड लाइन. प्लास्टिकचं वेष्टन असलेली बारीक बहुतारी वायरही चालते.
- गळ: ऑक्टोपस प्रकारचा, आखूड दांड्याचा, वर वळलेल्या नेढ्याचा, २ नंबर. ओनर आणि गामाकात्सू या दोन्ही जपानी कंपन्यांचे सहज मिळतात. उन्हाळी फ्लायला ४ नंबर.
- दोरा: काळा, १४० डेनियर.
- डंबेल डोळे: मध्यम, पितळी.
- काळं आणि निळं डबिंग (दोऱ्यावर वळायची लव), काळी आणि निळी शहामृगाची पिसं, काळा मॅराबू (टर्कीचं भुरभुरीत पीस), निळं गिनी फाउल (ठिपकेदार पीस), काळं श्लॅपन, थोडं फ्लॅशाबू (चमकते तंतू).
- अंगासाठी चपटी रुपेरी जर आणि वरून गुंडाळायला बारीक गोल जर.
- पातळ सुपरग्लू (ब्रशचा असेल तर उत्तम), डोक्यासाठी यूव्ही रेझिन, दाभण, हॅकल पक्कड (हॅकल म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं पीस), सपाट तोंडाची पक्कड.
- सिलिकॉनची बारीक नळी.
- सामान तोलायचा हातकाटा. भारतात जाणाऱ्या प्रत्येक घरात २३ किलोच्या बॅगांसाठी तो असतोच. तो इथे का लागतो ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

लूपच्या साहित्यात काटकसर करू नका. मऊ, सुतासारखी ब्रेडेड लाइन हाताला छान वाटते, पण गळ गुंडाळला जाण्याचं पहिलं कारण तीच. चाचणी सोपी आहे. दोन पदर करून ३ से.मी. लांबीचा लूप चिमटीत आडवा धरा. टोक खाली मान टाकत असेल तर ती लाइन या कामाची नाही. वायर ताठ असते, पण एकदा मुरडली की मुरड जात नाही, आणि मोठ्या माशानंतर ती सरळ करत बसावं लागतं. माझा कौल फायरलाइनला.

२. बांधायला बसण्याआधीची तयारी

व्हाइसला (बांधताना शँक धरणाऱ्या शिकंजाला) शँक लावण्याआधी सगळं कापून, निवडून, ओळीनं मांडून ठेवा. एका हातात ताणलेला दोरा आणि दुसऱ्या हातानं पिसांची पिशवी धुंडाळणं, यातूनच ढिल्या गाठी जन्माला येतात.

गळाचा उलटा काटा आत्ताच दाबून टाका. सपाट पकडीत गळाचं टोक सरळ रेषेत धरायचं, हलकेच दाबायचं, तिरकं पिळायचं नाही. गळ तुटायचाच असेल तर तो आत्ता तुटू दे. मग टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून किंचित ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर गळ बाजूला.

शहामृगाच्या पिसाचे तंतू सगळे सारखे नसतात. पिसाच्या टोकाकडचे बारीक आणि लवचिक, बुंध्याकडचे जाड आणि आखूड लवीचे. मागच्या गुच्छासाठी टोकाकडचे १२ आणि पुढच्या गुच्छासाठी मधले १६ तंतू वेगळे काढा. मॅराबूचं पीस निवडताना त्याचा मधला दांडा बघा. जाड दांड्याचं पीस गुंडाळताना पीळ खातं आणि तंतू एका बाजूला गोळा होतात.

३. शँक आणि लूप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

शँकची मागची कडी व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरा. पुढच्या कडीमागून दोरा सुरू करून मागच्या कडीच्या अलीकडेपर्यंत शेजारी-शेजारी वेढे घ्या. गुळगुळीत धातूवर फायरलाइन घसरते, तिला धरायला हा दोऱ्याचा थर लागतो. थरावर सुपरग्लूचा एक पातळ हात फिरवा.

फायरलाइनचा १८ से.मी. तुकडा दुमडा. दुमडलेलं टोक मागे, दोन्ही मोकळी टोकं पुढे. मागच्या कडीच्या टोकापासून लूप बरोबर ३० मि.मी. बाहेर राहील असा धरा. आता महत्त्वाचं: दोन पदर शँकच्या डाव्या आणि उजव्या बाजूला आले पाहिजेत. एक वर आणि एक खाली असे नकोत. पदर बाजूंना असले की लूप आडवा, चपटा उघडतो आणि त्यात अडकवलेला गळ उभा राहतो. पदर एकावर एक असतील तर गळ कुशीवर झोपतो, आणि मग कितीही सरळ केला तरी पाण्यात परत झोपतो.

मागून पुढे घट्ट वेढे घेत या. दोरा ओढला की पदर दोऱ्याबरोबर फिरायला बघतात. दर पाच-सहा वेढ्यांनी थांबून वरून बघा आणि नखानं पदर जागेवर ढकला. पुढच्या कडीच्या ८ मि.मी. आधी थांबा. दोन्ही टोकं मागे दुमडा, शँकच्या खालच्या बाजूला आणा आणि त्यांच्यावरून अर्ध्या शँकपर्यंत उलट वेढे घ्या. उरलेली टोकं कापा. ही दुमड वगळून नुसती टोकं कापली तर मोठा मासा लूप सरळ उपटून नेतो, कारण मग सगळा भार गोंदावर येतो.

सगळ्या थरावर पुन्हा पातळ सुपरग्लू. लूप जिथे शँकमधून बाहेर पडतो, तिथल्या पहिल्या ४-५ मि.मी. वरही एक थेंब दाभणानं पसरवा. तेवढा भाग कडक झाला की लूप मुळापासून वाकत नाही, आणि गळ फ्लायच्या अंगावर उलटा येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं.

सावधान: थेंब मोठा नको. फायरलाइन गोंद वातीसारखा ओढून घेते. सगळा लूप कडक झाला तर गळ बदलताना तो मोडतो.

तपासा: पाच-दहा मिनिटं सुकू द्या. मग शँक व्हाइसमधून काढून पुढची कडी पकडीत धरा, लूप हातकाट्याच्या आकड्यात अडकवा आणि सावकाश १० किलोपर्यंत ओढा. डोळ्यांवर चष्मा हवा. तुमचा लीडर (लाइनच्या टोकाचा, फ्लायला बांधायचा बारीक तुकडा) १२ पौंडी म्हणजे साधारण साडेपाच किलोचा असेल, तेव्हा १० किलो झेलणारा लूप पाण्यात दगा देत नाही. ओढताना लूप दोन मि.मी. जरी सरकला तरी ब्लेडनं सगळं सोलून पुन्हा बांधा. त्यावर पिसं चढवण्यात अर्थ नाही.

४. डंबेल डोळे

पिसं लावण्याआधी डोळे. नंतर लावायला गेलं की पुढचा गुच्छ चुरगळतो.

पुढच्या कडीमागे ३ मि.मी. जागा सोडा आणि शँकच्या खालच्या बाजूला डोळे ठेवून आठच्या आकड्यात वेढे घ्या. मग डोळे आणि शँक यांच्या मधून आडवे वेढे घेऊन घट्ट करा, वर गोंदाचा एक थेंब. वजन खाली असलं की फ्लाय पाण्यात उलटत नाही. डोळे शँकला काटकोनात आहेत ना, हे समोरून बघा. तिरके असतील तर फ्लाय गरगर फिरते आणि लीडरला पीळ पडतो.

५. मागचा गुच्छ

दोरा मागच्या कडीजवळ न्या. निळ्या डबिंगचा ५ मि.मी. जाडीचा घट्ट गोळा करा. पुढची पिसं या गोळ्याला टेकून पसरतात. गोळा नसेल तर शहामृग आणि मॅराबू दोन्ही ओले झाल्यावर शँकला चिकटतात आणि तळहाताएवढी दिसणारी फ्लाय पाण्यात पेन्सिलीएवढी होते.

गोळ्याच्या अगदी पुढे काळे तंतू दोन-दोनच्या जोडीनं लावा. एक जोडी वर, एक खाली, एकेक डावी-उजवीकडे, उरलेल्या दोन मधल्या फटींत. तंतूंची टोकं शँकच्या मागे ४५ मि.मी. जाऊ द्या. हिशोब असा: शँक ४०, त्यामागे गळाचं नेढं साधारण २५ वर आणि त्याचा बाक ४५ वर. म्हणजे पिसांचा शेवट आणि गळाचा बाक एका रेषेत. बाक पिसांच्या बाहेर गेला की गळ चुकीच्या जागी रुततो. फार आत राहिला तर शेपटाशी चावणारा मासा हातचा जातो.

चार फ्लॅशाबूचे तंतू, दोन्ही बाजूंना दोन-दोन. त्यावर निळ्या गिनी फाउलचे दोनच वेढे, तंतू मागे सारत. दोनच म्हटलं आहे. तिसरा घ्यायचा मोह होतो आणि तिथूनच फ्लाय झाडूसारखी दिसायला लागते.

६. अंग आणि स्पे हॅकल

इथे झटपट उरकता येतं. गोल जर, चपटी जर आणि श्लॅपन या क्रमानं मागे बांधा. श्लॅपन टोकाकडून बांधायचं, म्हणजे मागे आखूड आणि पुढे लांब तंतू येतात. त्याआधी पिसाच्या एका बाजूचे तंतू काढून टाका, नाहीतर अंग केसाळ होतं.

दोरा पुढे न्या, डोळ्यांच्या १० मि.मी. मागे थांबवा. चपटी जर पुढे गुंडाळा. मग श्लॅपनचे चार-पाच मोकळे वेढे. त्यावरून गोल जर उलट दिशेनं गुंडाळा, दाभणानं तंतू बाजूला करत. जर श्लॅपनच्या दांड्यावरून आडवी गेली की माशाच्या दातानं दांडा तुटला तरी हॅकल सुटत नाही. एकाच दिशेनं गुंडाळली तर जर श्लॅपनच्याच फटीत जाऊन बसते आणि काही राखत नाही.

७. पुढचा गुच्छ

पुन्हा डबिंगचा गोळा, या वेळी काळा आणि थोडा मोठा, ६-७ मि.मी. पुढचा गुच्छ मागच्यापेक्षा भरदार हवा. उलट झालं तर मागचा भाग पाण्यात हेलकावे घेतो आणि पुढचा अंगाला चिकटतो.

गोळ्यापुढे निळ्या शहामृगाचे १६ तंतू पूर्वीप्रमाणे चारही बाजूंनी. लांबी इतकी, की टोकं मागच्या गुच्छाच्या टोकांपेक्षा साधारण १५ मि.मी. आधी संपावीत. त्यापुढे काळा मॅराबू. हेही पीस टोकाकडून बांधा, बोटं ओली करा आणि प्रत्येक वेढ्याला तंतू मागे सारत तीन वेढे घ्या. कोरड्या बोटांनी मॅराबू गुंडाळणं म्हणजे मनस्ताप. तंतू दोऱ्याखाली अडकतात आणि मग दाभणानं एकेक उकरत बसावं लागतं. शेवटी निळ्या गिनी फाउलचे दोन वेढे.

जंगल कॉक असेल तर आत्ता, दोन्ही बाजूंना एकेक.

तपासा: गुच्छ आणि डोळे यांच्यामध्ये दोऱ्याला बसायला जागा आहे का? नसेल तर एखादा वेढा कमी करा. डोळ्यांवर चढलेली पिसं कितीही दाबली तरी पाण्यात समोरून उभी राहतात आणि फ्लाय पॅराशूटसारखी पाणी अडवते.

८. डोकं

डोळ्यांभोवती काळं डबिंग आठच्या आकड्यात, मग कडीमागे दोऱ्याचं छोटं निमुळतं डोकं, दोन व्हिप फिनिश (शेवटची गाठ), वर यूव्ही रेझिन. रेझिन किंवा गोंद कडीच्या भोकात गेला असेल तर तो ओला असतानाच दाभणानं मोकळा करा. थंडीत बधिर बोटांनी नदीकाठी ते भोक उकरणं अवघड जातं.

९. गळ चढवणं

सिलिकॉन नळीचा ५-६ मि.मी. तुकडा आधी लूपवर चढवायचा. लूप नळीतून सहज जात नाही. बारीक दोरा दुमडून नळीतून घाला, त्यात लूप अडकवा आणि ओढून घ्या. दात कोरायच्या फ्लॉसचा प्लास्टिकचा ओढणारा मिळतो, त्यानंही काम होतं. नळी शँकपर्यंत सरकवून ठेवा.

आता लूपचं टोक गळाच्या नेढ्यातून घाला, उघडा, गळाच्या टोकावरून आणि बाकावरून सगळा गळ त्यातून पार करा आणि ओढून नेढ्यामागे घट्ट करा. लूप गळावरून जात नसेल तर तो आखूड झाला आहे. जोर लावून उपयोग नाही, ओढताना गळाचं टोक लाइनला कापतं. मग नळी खाली सरकवून नेढ्यावर चढवा. गळ आता शेपटासारखा सरळ रेषेत राहतो, पण मासा लागल्यावर वळू शकतो.

टोक वर की खाली? दोन्ही पंथ आहेत. गोल दगडांच्या तळावरून फ्लाय फिरवायची असेल तर टोक वर ठेवा, दगडात कमी अडकतं. फ्लाय कडीला दोऱ्यानं बांधून लोंबकळत धरा आणि हळूच हलवा. गळ उलटत असेल तर काढून नेढ्यात लूप दुसऱ्या बाजूनं घाला.

१०. पाण्यात चाचणी

बाथटब किंवा मोठी बादली. फ्लाय दोन मिनिटं भिजू द्या. कोरडी पिसं हवा धरतात आणि खोटं चित्र दाखवतात. मग हातभर लीडरनं ओढत बघा:

- ती सरळ जाते की कुशीवर? कुशीवर म्हणजे डोळे तिरके, किंवा पिसं एका बाजूला जास्त.
- ओली फ्लाय वरून बघा. पिसांतून अंगाची जर लुकलुकताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पिसं जास्त झाली. कात्री घेऊन मॅराबूचे काही तंतू मुळाशी कापा.
- जोरात तीन-चार झटके द्या. गळ अंगाभोवती गेला का? गेला तर आधी नळी बघा, मग लूपच्या मुळाशी गोंद.
- बाहेर काढून एकदा झटका. पाणी लगेच गळून गेलं पाहिजे. निथळत राहणारी फ्लाय कास्ट करताना ओल्या मोज्यासारखी जड होते आणि दोन हातांच्या रॉडलाही ती उचलवत नाही.

११. नदीवर

इतकी मोठी, वजनदार फ्लाय फेकायला स्कॅजिट हेड (लाइनचा पुढचा आखूड, जड भाग) लागतं. लांब, निमुळत्या स्पे लाइनवर ती धड सुटत नाही. पुढे १० ते १२ फुटी सिंक टिप (लाइनचा बुडणारा शेवट): मध्यम पाण्याला टी-११, खोल आणि वेगवान पाण्याला टी-१४. या आकड्यांचा अर्थ फुटाला तितके ग्रेन (वजनाचं छोटं एकक) वजन. लीडर आखूड, ३ ते ५ फूट, १२ किंवा १५ पौंडी साधा मोनो. लांब लीडर लावला तर टिप खाली आणि फ्लाय वर, असा उफराटा प्रकार होतो. फ्लायला लीडर न घसरणाऱ्या लूप गाठीनं बांधा, घट्ट गाठीनं फ्लायची हालचाल मरते.

दर पाच-सात कास्टनंतर फ्लाय हातात घेऊन गळ बघायची सवय लावा. कास्ट करताना विचित्र फडफड ऐकू आली किंवा फ्लाय ओढताना आडवी येतेय असं वाटलं तर लगेच बघा. गुंडाळलेल्या गळानं अर्धा तास मासेमारी करणारे काठावर नेहमी दिसतात, आणि नदीत मासे नाहीत अशी तक्रारही तेच करतात.

दगडाला घासलं की गळ नखावर तपासा. बदलायचा असेल तर नळी वर सरकवा, लूप ढिला करून बाकावरून काढा, नवा गळ चढवा. सुटे गळ काटे दाबूनच डबीत ठेवा.

मासा ओढ घेऊ लागला की लगेच रॉड उचलू नका. फ्लाय फिरत असताना मासा ती तोंडात घेऊन वळतो, आणि त्याच वळण्यात गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. रॉड आधी उचलली तर आखूड गळ रुतण्याआधीच तोंडाबाहेर येतो. रीलवरून लाइन निघू द्या, मग काठाच्या बाजूला रॉड घ्या.

वॉशिंग्टनमध्ये नैसर्गिक पैदाशीचा स्टीलहेड सोडावाच लागतो. शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा मांसल पर शाबूत असेल तर तो हॅचरीचा (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला) नाही असं धरतात. सोडायचा मासा पाण्यातून पूर्ण बाहेर काढणंही तिथे नियमाविरुद्ध आहे, म्हणजे फोटोसाठी छातीशी धरायचं विसरा. वॉशिंग्टनच्या प्युजेट साउंड खाडीला मिळणाऱ्या नद्यांतले स्टीलहेड २००७ पासून संघराज्याच्या कायद्यात धोक्यातले म्हणून नोंदलेले आहेत. काटा दाबलेला गळ पाण्यातच पकडीनं मागे ढकलला की सुटतो.

घरी आल्यावर

फ्लाय ओली डबीत बंद करू नका, गळ गंजतो आणि गंजाचा डाग मॅराबूवर उतरतो. गळ काढून ठेवा, फ्लाय उघड्यावर वाळू द्या. लूपवर बोट फिरवा. लाइन खरबरीत लागली किंवा पांढरे तंतू दिसले तर ती फ्लाय संपली, पिसं कितीही चांगली असोत. ब्लेडनं सगळं सोलून शँक आणि डोळे परत घ्या. त्यांना काही झालेलं नसतं, आणि पुढच्या फ्लायचा खर्च निम्म्यावर येतो.